हुबेहूब

गल्लीतल्या प्रत्येक घरानं आपलं गेलेलं माणूस लाकडी ठोकळ्यावर कोरायचं आणि त्याचा कापडावरचा छाप चौकात टांगायचा, असं ठरलं. शिकवायला एक चित्रकार बाई येऊ लागल्या. एका घरात सुनेनं आपला गेलेला नवरा कोरायला घेतला. त्याच्या अपघातानंतर, "चेहऱ्याला साधा ओरखडाही नाही," असं तिनं दृष्टी गेलेल्या सासूबाईंना सांगितलं होतं. ते खोटं तिनं लाकडातही निभावलं. सासूबाई ठोकळ्यावरून बोटं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "नाक जरा बारीक कर गं." एक दिवस म्हणाल्या, "आता हुबेहूब झाला."

चौकात सगळे छापाचं कौतुक करत होते. सासूबाईंनी कापड चाचपलं, पण त्या सपाट कापडात त्यांना पोरगा सापडेना. "मला आपला तो ठोकळाच द्या बाई."

चित्रकार बाईंनी तो आणून त्यांच्या हातात ठेवला आणि सुनेला हळूच म्हणाल्या, "छाप काढून झाले की ठोकळ्यावर तिरकी चीर पाडतो आम्ही. परत कोणी नक्कल काढू नये म्हणून. रीतच आहे."

सून हात पुढे करेपर्यंत सासूबाईंची बोटं कपाळावरून गालापर्यंत उतरली होती.


"तू तर म्हणाली होतीस, साधा ओरखडाही नाही."