अख्खी वळणारी आई

इरू शाळेतली गंमत सांगत होती आणि तिची आई अनघा मोड आलेले वाल सोलता सोलता ऐकत होती. मान परातीकडे, बुबुळं मात्र हळूच लेकीकडे.

"आई, तू ऐकत नाहीयेस!"

"अगं, तुझ्याकडेच तर बघतेय."

इरू वाकून आईच्या डोळ्यांत निरखून बघू लागली. इरूच्या जन्माआधीपासून आईची बुबुळं जागची हलत नव्हती, पापण्या बोटानं उचलाव्या लागत आणि तिन्हीसांजेला दिसणं विझत जाई. पेशींना ताकद पुरवणाऱ्या तंतुकणिकाच आजारी होत्या. मग डॉक्टरांनी कुणा अनोळखी बाईच्या निरोगी तंतुकणिका अनघाच्या डोळ्यांत आणि स्नायूंत सोडल्या, आणि कालपासून बुबुळं पाखरासारखी भिरभिरायला लागली होती.

"आता तुझ्या डोळ्यांतून त्या मावशी बघतात का गं?"

अनघा हसली. "त्यांनी नुसती ताकद दिली, बाळा. बघते मीच."

"मग अशी का बघतेस? पूर्वी मी बोलले की तू अख्खी वळायचीस. असं कोपऱ्यातून तर शाळेतल्या बाई बघतात, कोण दंगा करतंय ते!"

अनघाचा हात वालांत थांबला. ती वळायची ती नाइलाजानं. लेक मात्र त्यालाच माया समजून वाढली होती.

तिनं परात बाजूला सारली आणि खांदे, मान, चेहरा सगळंच इरूकडे वळवलं.

इरू मांडी ठोकून बसली आणि गंमत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.