मूळ खुर्ची

डुगडुगत्या खुर्चीवर बसलेला माणूस पटकन होकार देतो, हा अनंतराव सरांचा गाजलेला शोध. त्यांच्याच हाताखाली पीएचडी करणाऱ्या मीनाक्षीनं तोच प्रयोग तीनदा केला. डुगडुगत्या खुर्चीवर बसवलेली गुलमंडीतली माणसं, श्रमदानाला येता का विचारलं की “नाय जमत” म्हणून खुशाल उठून गेली. “तुझी खुर्चीच चुकली,” सर म्हणाले. “माझी मूळ खुर्ची घरी आहे, ती ने.” वैतागलेली मीनाक्षी छावणीतल्या त्यांच्या घरी त्याच खुर्चीवर डुगडुगत बसली. चहा देताना सरांच्या पत्नी हसल्या. “अगं, तेव्हा खुर्चीवर बसलेले आम्ही सगळे यांचेच विद्यार्थी. मार्क यांच्या हातात! सतरंजीवर बसवलं असतं तरी हो म्हणालो असतो.” हे सरांना सुनावायचंच, मीनाक्षीनं ठरवलं, तेवढ्यात सर बाहेर आले. “आता निकाल येईल ना? प्रबंधावर सही करायला पेन उघडूनच ठेवलंय.” “हो, सर!” मीनाक्षी पटकन म्हणाली. “बघ,” सर खुलले, “आला निकाल!”