कात्री तिसऱ्या खिळ्याला

"करवत कितव्या खिळ्याला?" लेकीने विचारलं.

"पाचव्या. आणि तिच्या दातांना तेलाचं फडकं गुंडाळलेलं असेल. नसलं तर नाव बदलीन," बाबा म्हणाले.

ते अंगणात पेरूखाली स्टुलावर बसले होते. अवजारांची खोली त्यांच्या पाठीमागे होती आणि लेक खोलीच्या दारात उभी होती. पाचव्या खिळ्याला करवत होती. फडकंही होतं.

सकाळपासून हेच चाललं होतं. लेक शाळेत शिकवते, तेव्हा परीक्षा घ्यायची हौस दांडगी. पण आजची परीक्षा हौसेची नव्हती. आई गेल्यापासून बाबा या घरात एकटे. हल्ली आलेली पत्रं नंतर बघतो म्हणून ठेवून द्यायचे, फोनवर एकच गोष्ट दोनदा विचारायचे. तिच्या भावाने निदान करून टाकलं की बाबांना विसरायला होतंय, घराला कुलूप लावा आणि त्यांना आमच्या आठव्या मजल्यावर आणा. लेक म्हणाली, आधी मी जाऊन बघते. संध्याकाळपर्यंत तिला भावाला काय ते कळवायचं होतं.

बाबांना हे सगळं माहीत होतं. आठव्या मजल्यावर मी काय भिंतींना पाणी घालू, एवढंच ते भावाला फोनवर बोलले होते. त्या रात्री जेवले मात्र नव्हते.

सकाळी ती फाटकातून आत शिरली तेव्हा शेजारच्या मावशींनी कुंपणावरूनच बातमी फोडली, की आली हो लेक, निळा ड्रेस काय छान दिसतोय. मावशींचा आवाज म्हणजे गल्लीला फुकटचा भोंगा. लेकीने प्रवासातल्या धुळीसाठी डोक्याला रुमाल बांधला होता, तो तिने घरात येऊन सोडला आणि बाबांसमोर जरा वेळ तशीच उभी राहिली. बाबा म्हणाले, निळा रंग तुला शोभतो. आणखी काहीच म्हणाले नाहीत. लेकीला नवल वाटलं.

पेरू यंदा वेड्यासारखा वाढला होता. त्याच्या फांद्यांना जागोजाग सुतळीचे तुकडे बांधलेले होते. हे काय म्हणून तिने विचारलं तर बाबांनी समजावून सांगितलं, एक गाठ म्हणजे यंदा कापायची, दोन गाठी म्हणजे पुढच्या वर्षी, तीन गाठी असतील तिला हात लावायचा नाही.

"विसरू नये म्हणून?"

"कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो. खूण केल्याशिवाय मी बायकोलाही हाक मारली नाही."

लेक हसली. मग त्यांनी तिला छाटणी करून दाखवली. डावा अंगठा फांदीवरून सावकाश सरकायचा, गाठीपाशी थांबायचा, तिथून पुढचा कोंबाचा डोळा शोधायचा. त्याच्यावर बोटभर जागा सोडून कात्री चालायची. काप तिरका आणि स्वच्छ, साल कुठे सोललेली नाही. ती वरची कापा ना, आडवी आलीय, असं लेक बोट दाखवून म्हणाली. बाबा म्हणाले, मध्ये लुडबुड करू नकोस, माझ्या पद्धतीने होऊ दे.

काम झाल्यावर त्यांनी पात्यांवरचा चीक रॉकेलच्या बोळ्याने पुसला, कानशीचे चार हात मारले, तेल लावलं आणि धार अंगठ्याने तपासली. लेक पूर्ण वेळ बघत होती. कात्रीकडे कमी आणि बाबांकडे जास्त.

मग ती एकदम उठली. सुतळीचं रीळ कुठे आहे म्हणाली. बाबांनी सांगितलं, उजवीकडे खालच्या डब्यात. ते घेऊन ती अवजारांच्या खोलीत गेली, मग घरभर फिरली, मागच्या दाराने कुठेतरी गेली. अधूनमधून कुंपणापाशी मावशींशी तिची कुजबुज चालली होती, आणि मावशींना कुजबुजता येतं हे बाबांना आजच कळलं. आपल्या वस्तू ही पोरगी हलवतेय की काय, या धास्तीने त्यांचा चहा गार झाला. काय करतेस म्हणून दोनदा विचारलं. आवरतेय म्हणाली. घरातलं काही जागचं हलवू नकोस, असं त्यांनी बजावलं, आणि आवाज जरा जास्तच चढला.

"काही हलवलं नाही, बाबा."

निघायच्या आधी तिने त्यांच्यासमोरच भावाला फोन लावला.

"बाबा कुठेही येणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांना पंचवीस खिळे तोंडपाठ आहेत. तुला तुझ्या गाडीची किल्ली सापडत नाही."

बाबांनी छाती भरून श्वास घेतला. तो लपवायचंही त्यांना सुचलं नाही. लेकीने सांगितलं, आता दर शनिवारी येत जाईन. मग ती पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो मागे मानेपर्यंत उतरला आणि तिथेच थांबला. लहानपणी ती दोन बोटं केस कापून आली तरी ते घर डोक्यावर घ्यायचे.

"वेणी कापलीस," ते म्हणाले. "सकाळीच बोलणार होतो. म्हटलं, मोठी झालीस."

"हो," लेक म्हणाली.

गाडी वळणापलीकडे गेली. आवाज पुरता थांबेपर्यंत बाबा फाटकात उभे राहिले, मग कात्री घेऊन खोलीत आले. पास झाल्याच्या आनंदात शीळ घालत त्यांनी हात तिसऱ्या खिळ्याकडे नेला, आणि शीळ थांबली.

खिळ्याला सुतळी होती. सुतळीला तीन गाठी.

चौथ्याला चार. पाचव्याला पाच. ते बोटांनी चाचपत दारापर्यंत आले, तर चौकटीलाही सुतळी होती. पाण्याच्या तोटीला होती. निखळलेल्या पायरीच्या कठड्याला तर चांगली दुहेरी, घट्ट आवळून बांधलेली.

बाबा त्याच पायरीवर बसले आणि त्या गाठी पुन्हा पुन्हा मोजत राहिले. गेल्या वर्षी आपली दृष्टी पार गेली, हे शेजारच्या मावशींखेरीज कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांना आजपर्यंत वाटत होतं.