सांभाळणारा

भर दुपारी रेम्बर्तो दारूनं शुद्ध हरपलेल्या एफ्राइनला पाठीवर घेऊन जिना चढला, तेव्हा घरमालकीण दोन्या आसुंता बाजूला झाली. मग न सांगताच गरम पाणी घेऊन वर आली. रेम्बर्तोनं एफ्राइनला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, तोंड पुसलं. हात सराईत होते.

"माझं चुकलंच पोरा," ती म्हणाली. "तुला खोली द्यायला किती आढेवेढे घेतले मी."

घेतले होतेच. रेम्बर्तो खाणीच्या गावचा. बाप दारूनं गेला, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. असलं पोर कोचाबाम्बा शहरात शिकायला आलं की चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, गुत्त्यात बुडणार, अशी तिची खात्री होती. त्याचा खोलीसोबती एफ्राइन पाद्र्याचा मुलगा. त्याच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. झालं उलटंच. एफ्राइन पिऊ लागला आणि रेम्बर्तो दारूला शिवतही नव्हता.

शेवटी एफ्राइनचे वडील दूरच्या चाको भागातून बसनं आले. पाजतं कोण, असं त्यांनी विचारलं. एफ्राइन म्हणाला, कुणी जबरदस्ती करत नाही, दोष माझाच. रेम्बर्तो खाली मान घालून उभा होता.

"तुला तर वळण लावायलाही कुणी नव्हतं," पाद्री त्याला म्हणाले. "तरी तू असा. याला सोडू नकोस, बाळा."

"नाही सोडणार," रेम्बर्तो म्हणाला.

एफ्राइननं दारू खरंच सोडली. हात थरथरायचे थांबले. शरीररचनेच्या परीक्षेत तो पास झाला, तेव्हा दोन्या आसुंतानं शेंगदाण्याचं सूप करून दोघांना वाढलं. एफ्राइनला आता पडल्या पडल्या झोप लागायची.

रेम्बर्तोला मात्र लागेना. आई घर सोडून गेल्यापासून बापाला न्हाऊ घालायचं, भरवायचं, त्याचा श्वास ऐकत बसायचं काम त्याचंच होतं. शुद्धीत असला की बाप त्याच्याशी चकार शब्द बोलत नसे. प्यायला की गळ्यात पडून रडायचा, माझं तुझ्यावाचून कोण आहे म्हणायचा. एफ्राइनही तसंच म्हणायचा. आता तो नुसता "उठलास का" एवढंच विचारून वर्गाला निघून जायचा.

एके सकाळी एफ्राइननं सांगितलं, चर्चच्या वसतिगृहात जागा मिळाली आहे, येत्या सोमवारी जातोय. तुला माझा फार त्रास झाला, आता तू सुटलास. रेम्बर्तो म्हणाला, बरं झालं. जाण्यापूर्वी एकदा सोबत जेवू.

रविवारी दोघं गुत्त्याच्या अंगणात जेवायला बसले. एफ्राइननं पाणी मागितलं. रेम्बर्तोनं चिचाची घागर मागवली.

"नको रे," एफ्राइन म्हणाला. "सोडलीय ना मी."

"एकच. मी आहे ना घरी न्यायला," रेम्बर्तो म्हणाला, आणि दर वेळी भरायचा तसा त्यानं त्याचा पेला काठोकाठ भरला.