गांधीलमाशीचं पान

खार तिसऱ्या फटक्याला मेली. पहिल्या दोन फटक्यांत तिचं कंबरडं मोडलं होतं, तरी ती बाईंच्या पायांकडे सरकत राहिली, कारण दाणे रोज तिथेच मिळायचे. ठेकेदाराने फावडं गवताला पुसलं.

"एक कमी झाली," तो बायकोला म्हणाला. "सही केलीस तर बाकीच्या वाचतील."

सही हवी होती झाडं तोडायच्या कागदावर. घर आणि घराभोवतीचं जंगल बाईंना वडिलांकडून आलेलं. ठेकेदार लाकडाच्या धंद्यातला. झाड दिसलं की त्याला फळ्या दिसायच्या. लग्न ठरवायला आला तेव्हाही मुलीपेक्षा त्याने मागचं रानच जास्त निरखून पाहिलं होतं.

बाई आत गेल्या. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: 'खार, शेपटी तुटकी. शेवटची नोंद.'

वही वडिलांनी सुरू केलेली. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढल्या तो दिवस, पहिला काजवा दिसला ती संध्याकाळ, रातकिडे गप्प झाले ती तारीख, पानं पिवळी पडायला लागली तो आठवडा. हरिणी पाडसाला घेऊन पाण्यावर आली तेव्हा बाईंनी दोन पानं भरली होती. स्वतःच्या लग्नाला एक ओळ होती.

इतकी वर्षं ती वही खिडकीत उघडी पडलेली असायची आणि ठेकेदाराने तिला कधी हात लावला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात बाई ती कपाटात कुलूपबंद ठेवू लागल्या. किल्ली शेजारच्याच खिळ्याला. आठवड्याभरात नवऱ्याला वाचनाची गोडी लागली. झाकण दिसलं की भूक लागते, असा माणसाचा स्वभावच आहे.

पाखरं आणि किडे यांची पानं त्याने भराभर उलटली. एका पानावर मात्र त्याचं बोट थांबलं. तो लाकडं घेऊन बाहेरगावी गेला होता त्या दिवसाची नोंद होती: 'गांधीलमाशी चावली. घसा सुजला, श्वास बंद होत आला. डॉक्टर म्हणाले, दैव बलवत्तर म्हणून वाचलात. पुन्हा एक जरी चावली तरी खेळ आटोपला.'

चार पानं पुढे: 'कडाक्याच्या थंडीत पहाटे माश्या बधिर असतात. बाबांनी एकदा अख्खं पोळं नुसत्या हातांनी पोत्यात भरलं होतं. घरात ऊब लागेपर्यंत एक हलली नाही.'

त्याने दोन्ही पानं दोनदा वाचली आणि किल्ली जागच्या जागी टांगली.

तेव्हापासून बाजारात भेटेल त्याला तो सांगू लागला, "आमच्या हिला माशी चावून चालत नाही हो. जिवाला नुसता घोर." लोक म्हणाले, नवरा असावा तर असा.

वनरक्षक एका सकाळी फेरीवर असताना अंगणात टेकला. बाईंचा उजवा डोळा काळानिळा झाला होता.

"काय लागलं, ताई?"

"दार."

"दाराच्या बोटात अंगठी होती वाटतं."

बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. ओसरीवर ठेकेदार कुऱ्हाडीला धार लावत होता, म्हणून वनरक्षकाने विषय बदलला. पायवाटेपलीकडच्या पोकळ झाडाकडे त्याने मान वळवली. ढोलीतलं करडं पोळं घागरीएवढं झालं होतं.

"थंडी पडली की या माश्या जातात कुठे हो?"

"जायच्यात कुठे? पोळ्यातच असतात. सगळ्या."

"मग तसंच असणार. तुमची वही कधी चुकत नाही."

ओसरीवर धार लावायचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

पानं गळली. बेडूक चिखलात गेले. गवतावर पहिलं दहिवर गोठलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदाराने कागद पुन्हा पुढे केला. बाई नाही म्हणाल्या. त्याने त्यांचं डोकं दोनदा भिंतीवर आपटलं. मग स्वतः पाणी आणून दिलं, पांघरूण घातलं.

"झोप," तो म्हणाला. "सकाळी तुझ्या खोलीत चांगली ऊब करतो."

जाताना त्याने दाराला बाहेरून कडी घातली.

पहाटे तो पोतं घेऊन निघाला. हातमोजे घरीच ठेवले. मोज्यांत बोटं जड होतात, आणि नोंद नुसत्या हातांची होती. त्याने ढोलीत कोपरापर्यंत दोन्ही हात घातले. पोळं गरम लागलं. नुकत्याच निजून उठलेल्या माणसाच्या पांघरुणासारखं गरम. हे वहीत नव्हतं.

किंकाळी वनरक्षकाने नाल्याच्या पलीकडून ऐकली. तो धावत आला तेव्हा ठेकेदार घरापासून वीस पावलांवर गुडघ्यांवर होता. चेहऱ्यावर डोळे कुठे होते ते कळत नव्हतं. ओठ फाटले होते, तोंडाच्या आत माश्या वळवळत होत्या. तो नखांनी स्वतःचा गळा ओरबाडत होता. मग कुशीवर कलंडला, टाचा दोनदा जमिनीवर घासल्या आणि थांबला. पोतं मुठीतच होतं.

वनरक्षकाने डोक्यावर कोट ओढला, घरात शिरून कडी काढली.

"ताई, बाहेर येऊ नका! माश्या आहेत अजून. तुम्हाला एक जरी चावली..."

बाई पलंगावरची चादर घेऊन बाहेर आल्या. वाकून त्यांनी ती नवऱ्याच्या तोंडावर टाकली आणि कडा नीट खोचल्या. तेवढ्यात तीन माश्या त्यांच्या मनगटावर बसल्या. तिन्ही चावल्या.

वनरक्षक बाईंच्या गळ्याकडे बघत उभा राहिला.

बाईंनी माश्या एकेक करून झटकल्या, स्वयंपाकघरात जाऊन कांद्याची फोड मनगटावर चोळली आणि चुलीवर आधण ठेवलं.

"साखर एकच चमचा ना तुम्हाला?" त्यांनी आतून विचारलं.