आबांचं पोहणं

"पोहणं मी धरणार नाही," तेजस म्हणाला आणि त्याने कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला.

"का नाही धरणार?" मयुरीने विचारलं.

"घड्याळ धरत नाही म्हणून."

पिंप्राळ्यातल्या त्या तीन खोल्यांत गेले काही दिवस हाच खटला चालू होता. तेजसचे वडील, उखर्डू आबा, सावद्याला एकटेच राहत. थंडीत त्यांच्या छातीत कळ येऊन गेली आणि डॉक्टरांनी रोजचा व्यायाम सांगितला. तेजसने त्यांच्या मनगटाला घड्याळ बांधलं, ते आपल्या मोबाइलला जोडलं आणि अट घातली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, घड्याळातलं हिरवं वर्तुळ रोज भरलेलं दिसायला हवं. नाहीतर घराला कुलूप, आणि आबांनी कायमचं पिंप्राळ्याला यायचं.

आबा नाही म्हणाले नाहीत. त्यांचे गुडघे म्हणाले. वर्तुळ चतकोर भरायचं आणि तिथंच बसकण मारायचं.

मयुरी रोज सकाळी सासऱ्यांना फोन करी.

"चालणं मह्या गुडघ्याले जमत नाही, बेटा," आबा सांगत. "पण विहिरीत उतरतो ना मी रोज! बसत बसत पायऱ्या उतरतो. मंग पाठीवर पडतो. हात मारतो, पाय मारतो. असा दम लागते का काय सांगू!"

"भीती नाही वाटत, आबा?"

"कायची भीती? पाठीवर पडलं का आभाय ताटाएवढं दिसते. वरचा आवाज खाली येत नाही. मले तर निंघावंच वाटत नाही."

मयुरी धुळ्याची. नळाला पाणी आलं की त्या दिवशी सणासारखी धावपळ करणारं घर तिचं माहेर. घोट्याच्या वर पाण्यात ती कधी उतरली नव्हती. पण आबांचा फोन ठेवला की भांडी घासता घासता तिचे हात संथ व्हायचे. दुपारी डोळा लागला की ती उताणी तरंगू लागे. हिरवं, गार पाणी कानांत शिरे. वर ताटाएवढं आभाळ, त्याच्या कडेला केळीची पानं कान हलवत उभी. कुणी हाक मारली तरी ती पाण्याच्या पलीकडून येई.

ती विहीर तिने पाहिली मात्र नव्हती. बाळंतपणानंतर सून विहिरीवर पाणी पुजायला जाते. पण तेव्हाही आबांनी, "ओल्या बाळंतिणीले उन्हात कायले नेता?" म्हणत दारातल्या नळावरच पूजा उरकून घेतली होती. किती जपतात, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

मयुरी हिशेबाची पक्की. कुणी घाम गाळला तर तो त्याच्या नावावर पडलाच पाहिजे, मग तो सासरा का असेना. मोबाइलवर हातांचा मार किती, पायांचा किती, ते तिने वाचून काढलं. घड्याळाला पोहणंही समजतं, फक्त आधी बटण दाबून सांगावं लागतं, हेही तिला सापडलं. फोनवरून तिने आबांना ते बटण शिकवलं. दुसऱ्या दिवशी वर्तुळ काठोकाठ भरलं.

"बघा!" तिने तेजसचाच मोबाइल त्याच्यापुढे धरला. "नाडी बघा, वेळ बघा. पोहणं म्हणून लिहिलंय खाली."

तेजसने बघितलं आणि मोबाइल उलटा ठेवला. "मी पावलंच धरणार."

"चाललं तर व्यायाम आणि पोहलं तर चैन?"

"तसं नाही."

"मग कसं? तुमना बाप शे ना तो?" राग आला की तिच्या तोंडी धुळं यायचं.

"मला पोहायला त्यांनीच शिकवलं," तेजस म्हणाला. "पाठीला भोपळा बांधून ढकलून द्यायचे. अर्ध्या सावद्याला शिकवलं."

"मग?"

"मग काही नाही." तो हात धुवायला उठला.

नवरा हरायला भितो, एवढाच अर्थ मयुरीने लावला. आखाजी तोंडावर आली तशी ती आबांना भेटायचं निमित्त काढून सावद्याला गेली. मुक्काम केला. पहाटे आबा खांद्यावर काहीतरी टाकून शेताकडे निघाले. जरा वेळाने ती मागोमाग निघाली, हातात मोबाइल घेऊन.

केळीच्या बागेत अजून अर्धी झोप होती. पानांवरून टपटप थेंब पडत होते. वाट ओली, हवा ओली. आपणच तळाकडे निघालोय आणि श्वास कोंडत नाही, असं तिला वाटू लागलं. दूर कुठंतरी बोअरची मोटर गुणगुणत होती. बाग संपली तिथं विहिरीचा दगडी कठडा दिसला. काठावर आबांच्या वहाणा नीट जोडीने काढलेल्या होत्या.

तिने तेजसला व्हिडिओ कॉल लावला. "विहिरीवर आलेय. आता डोळ्यांनीच बघा."

पडद्यावर तेजसचा झोपाळलेला चेहरा ताठ झाला. "मयुरी, पुढं जाऊ नको."

"का? हरायची भीती वाटते?"

"माझं ऐक. माघारी फिर."

तिने ऐकलं नाही. कठड्यावरून मोबाइल खाली धरला आणि मग स्वतः वाकून पाहिलं.

खूप खाली, भेगाळलेल्या गाळावर गोणपाट अंथरून आबा उताणे पडले होते. डोळे मिटलेले. हात डोक्यावरून मागं जात होते, पाय वरखाली होत होते, संथ, एका लयीत. भोवती धूळ उडत होती.

"माझ्या दहावीच्या वर्षीच आटली ती," तेजस अगदी हळू म्हणाला. "आता तूच सांग. धरू?"

आपली सावली खाली पडू नये म्हणून मयुरी दोन पावलं मागं सरली.

"धरा," ती कुजबुजली.