सांधेवाल्याचा संघ

लोणावळ्याला हिवाळ्यातले ऊन डोंगरमाथ्यावरून सावकाश खाली उतरते. आधी कड्याची कडा, मग रुळांच्या दोन रेघा, आणि सर्वांत शेवटी रेल्वेच्या मैदानावरचे ओले गवत त्या साध्या, रोजच्या उजेडात उजळत जाते. सामना सुरू होईपर्यंत कोंडाजी तो उजेडच पाहत उभा होता.

तो घाटातला सांधेवाला; रुळांचा सांधा ओढून गाड्यांना वाट देणारा. उतरणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने गाडी ताब्यात असल्याची शिट्टी दिल्याशिवाय तिला पुढचा मार्ग द्यायचा नाही, हा त्याच्या नोकरीचा नियम. लोकोशेडचा फुटबॉलसंघही तो तसाच चालवी. सगळे मागे. त्याच्याच खोलीत राहणारा, वाऱ्यासारखा धावणारा, इंजिनावरचा फायरमन नूरमहंमदसुद्धा गोलापाशी पहाऱ्याला.

आज मुंबईच्या संघाचे साहेब खेळाडू निवडायला आले होते. मध्यंतरापर्यंत दोन्हीकडे शून्य.

"भाऊ, आज तरी पुढं सोडा की," नूरमहंमद म्हणाला.

"आन् मागं गोल झाला मंजी?"

"हुंदे की! का शिट्टी दिल्याबिगर सोडायचं न्हाई?" तो हसला, आणि तोंडात दोन बोटे घालून त्याने थेट इंजिनासारखी लांब शिट्टी दिली.

कोंडाजीचा हात सवयीने सांधा ओढायला उचलला गेला.

"जा."

नूरमहंमदने दोन गोल केले. साहेबांनी त्याचे नाव लिहून घेतले. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवताना कोंडाजीने अखेर स्वतःशी कबूल केले, की नूरमहंमदला मागे ठेवले होते ते गोल वाचवायला नव्हे; तो गेल्यावर त्या खोलीत एकट्याला करमले नसते.